बघायला काय आहे?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, पुण्याहून आमच्याकडे जालन्याला आला होता. वय वर्षे अकरा. कादराबादेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून त्याने तिसऱ्याच दिवशी मला विचारले, "नाना, हियाँ देखने जैसा क्या है?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर येईना. आम्ही जालनेकर पाहुणा आला की काय करतो? त्याला वेरूळ-अजिंठ्याला नेतो, पैठणला नेतो, खुलताबादला नेतो. म्हणजे जिल्ह्याच्या बाहेर नेतो. शाळेच्या सहलीही तिकडेच जातात. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण आम्हाला पाठ आहे, पण पाळण्यात काय ठेवले आहे ते दाखवायची वेळ आली की आम्ही मोसंबी दाखवतो, बियाणे दाखवतो, लोखंडाच्या सळया दाखवतो.

दुसरीही एक गोष्ट होती. हे घर विकायचे असे घरात बोलणे चालू आहे. मुले पुण्यात स्थिरावली. एक दलाल दोनदा येऊन भिंती ठोकून गेला. घर गेले तर या पोराला पुन्हा जालन्याला यायचे कारण काय? तेव्हा मी मनाशी ठरवले, आठ दिवस हातात आहेत, या पोराला त्याच्या आजोळचा जिल्हा दाखवायचा. माझे एक मित्र, निवृत्त मास्तर, त्यांच्याकडे जुनी वॅगनआर आहे. पेट्रोल माझे, गाडी त्यांची, आणि डबा घरातून. असा करार झाला.

पहिला दिवस शहरातच काढला. जुन्या जालन्यातली काळी मशीद मी लहानपणापासून पाहतो. बांधणारा जमशेदखान, इथला सुभेदार. पण नातवाला मशिदीपेक्षा पाण्याची गोष्ट आवडली. या जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. विजेचा पंप नाही, काही नाही, नुसता उतार. पोराने विचारले, "फिर नानी रातको उठ के पानी कायको भरती?" श्रोतेहो, याचे उत्तर ज्याच्याकडे असेल त्याने मला पत्र लिहावे. २०१२-१३च्या दुष्काळात या शहराने टँकरवर दिवस काढले. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी त्या तोडून सरपणाला विकल्या. त्याच काळात गावातल्या लोकांनी वर्गणी काढून घाणेवाडीच्या तलावातला गाळ उपसला, हेही त्याला सांगितले. घाणेवाडीला संध्याकाळी गेलो. बांधावरून पाणी आणि पाखरे पाहायला तिकीट नाही, गर्दी नाही. एका दिवसात अर्ध्या शहराची सहल होते.

मस्तगडावर गेलो. हा किल्ला १७२५ साली निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने बांधला. आत नगरपालिकेची कचेरी बसली होती, त्यामुळे जालन्याच्या माणसाला हा किल्ला घरपट्टीमुळे जास्त ठाऊक. आनंदी स्वामींचा मठ, जानुल्ला शहा आणि बाबुल्ला शहांचे दर्गे, गुरुगणेश तपोधाम, मिशनचा जुना दवाखाना हे सगळे एका दिवसाच्या पायी फेरीत येते. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली, हे आमच्या पिढीपर्यंत लोक सांगत. आता सांगणारे कमी झाले.

दुसऱ्या दिवशी अंबड. मत्स्योदरीच्या टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचे हे नाव. पायऱ्या चढताना पोराने माशाचे तोंड कुठे आणि शेपूट कुठे यावर मास्तरांशी वाद घातला. मी खाली बसून राहिलो, गुडघे आता वाद घालू देत नाहीत. अंबडच्या बारवा मात्र उतरून पाहिल्या. गावकरी अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतात. एका बारवेत पाणी होते आणि पाण्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या.

तिथून घनसावंगी तालुक्यात जांब समर्थला गेलो. समर्थ रामदासांचे जन्मगाव. इथल्या ठोसरांच्या घरात १६०८ साली रामनवमीला त्यांचा जन्म झाला. शाळेत असताना मनाच्या श्लोकांच्या पाठांतर स्पर्धेत मला दुसरा नंबर मिळाला होता. पहिला एका मारवाडी मुलाला. तेव्हापासून जांबला जायचे म्हणत होतो, आणि साठ किलोमीटरचे अंतर तोडायला मला चाळीस वर्षांवर लागली. २०२२च्या ऑगस्टमध्ये इथल्या राम मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. पुढे दोन-तीन महिन्यांत पोलिसांनी त्या शोधून आणल्या. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातही सकाळी पेपर उघडून लोक आधी तीच बातमी पाहत, हे मला आठवते. देवळात एका वृद्ध गृहस्थांनी माझे नाव विचारले, मी सांगितले. मग त्यांनी काय करता म्हणून विचारले. कविता लिहितो म्हटल्यावर म्हणाले, "मग बसा की जरा. कवीच्याच घरी आलात." नातवाला लग्नातून पळून गेलेल्या नवरदेवाची गोष्ट सांगितली. भटजी 'सावधान' म्हणाले आणि हा सावध झाला, अशी परंपरेने आलेली कथा. ती त्याला इतकी आवडली की परतीच्या रस्त्यात प्रत्येक गतिरोधकाला तो "सावधान!" ओरडत होता.

तिसरा दिवस भोकरदनचा. जालन्याहून उत्तरेला निघाले की वाटेत राजूरचा गणपती लागतो. अंगारकीला इथे मुंगीला जागा नसते. आम्ही साध्या दिवशी गेलो, चहा प्यालो, पुढे निघालो. राजूरबद्दल मी काही सांगावे असे नाही, तुम्ही सगळे जाऊन आलेले आहात.

भोकरदनबद्दल मात्र सांगितले पाहिजे. आज बसस्थानक, कापसाची वाहने आणि मोबाइलची दुकाने असे हे तालुक्याचे गाव. पण याचे जुने नाव भोगवर्धन. प्रतिष्ठान म्हणजे पैठणहून उज्जयिनीला जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे हे नगर. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाकडे दूर माळव्यात दान द्यायला पैसा होता आणि आपल्या गावाचे नाव दगडावर घालायची हौसही होती.

१९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केले. त्यात एक भंगलेली छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. आता गंमत ऐका. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत इसवी सन ७९ साली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात, १९३८ साली अशीच एक हस्तिदंती मूर्ती सापडली होती. वीतभर उंचीची, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. ती आज नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तेरला आणि भोकरदनला मिळालेल्या मूर्तींशी तिचे साम्य पाहून ती याच भागात घडवली गेली असावी, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. खात्रीने कुणी सांगू शकत नाही. पण कल्पना करा, केळणा नदीकाठी कुणी एक कारागीर दारात बसून हस्तिदंत कोरतो आहे, आणि त्याच्या हातची बाई समुद्रापार जाऊन एका रोमन माणसाच्या घरात उभी राहते. मी नातवाला म्हटले, भोकरदनची एक बाई इटलीत आहे. तो म्हणाला, "पासपोर्ट था उसके पास?"

नदीकाठचे कोरीव लेणे पाहून आम्ही अन्व्याला गेलो. इथून अजिंठा फार लांब नाही. अजिंठ्याला जाणाऱ्या गाड्या सिल्लोडवरून सरळ निघून जातात, अन्व्याकडे वळणारा क्वचित. बाराव्या शतकाच्या आसपासचे हे देऊळ. खांबांवर आणि छतावर असे नक्षीकाम की मान दुखेपर्यंत वर पाहावे. बाहेरच्या भिंतीवर स्त्रीमूर्ती आहेत, आणि त्यांच्या हातात विष्णूची आयुधे. शंख, चक्र, गदा, पद्म. देवाची रूपे बाईच्या अंगाने घडवलेली. मास्तर गणिताचे. त्यांनी पोराला तिथेच हिशोब घातला, वस्तू चार, हात चार, किती तऱ्हांनी धरता येतील? पोराने देवळाच्या ओट्यावर बोटाने धुळीत मांडून उत्तर काढले, चोवीस. विष्णूची केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावे आणि चोवीस रूपे याच अदलाबदलीतून ओळखायची असतात, हे मास्तरांनी सांगितल्यावर मलाही पहिल्यांदा कळले. बी.ए. होऊन मला जे कळले नाही ते एका ओट्यावर कळले. सोबत पाणी मात्र न्यावे, खाणेही न्यावे. बायकांनी बरोबर असताना सोयींची चौकशी आधीच करून निघावे, कारण बहुतेक ठिकाणी त्या नाहीत. आम्ही घरून आणलेल्या पोळ्या, अंड्याची भुर्जी आणि लिंबाचे लोणचे झाडाखाली बसून खाल्ले.

आता ज्या ठिकाणासाठी मी हे सगळे बोलतो आहे तिथे येतो. असई.

बी.ए.च्या इतिहासात असईवर आम्हाला एक ओळ होती. २३ सप्टेंबर १८०३, वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. परीक्षेत एक मार्क. पण आमच्या घरात असईची वेगळी गोष्ट होती. माझे अब्बा सांगायचे, त्यांना त्यांच्या दादांनी सांगितलेले, की आपले कुणी एक पूर्वज शिंद्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होते. असईच्या लढाईत होते. आणि अब्बा नेहमी एक वाक्य जोडायचे, "मरे नै थे. मरे सरिके पड़े थे." आम्ही भावंडे हसायचो. शूर पूर्वज सगळ्यांच्या घरी असतात, मेल्याचे सोंग घेतलेला पूर्वज आमच्याच वाट्याला कसा आला? मी तर ही गोष्ट मित्रांत कधी सांगितली नाही. लाज वाटायची.

वेलस्ली हा पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूवर त्याने नेपोलियनला हरवले. पण आपण केलेली सर्वांत चांगली लढाई कोणती, तर असई, असे तो म्हातारपणी सांगत असे. २१ सप्टेंबरला त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली ती आपल्या बदनापूरला. होय, रेल्वेचे बदनापूर. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जायचे आणि २४ला एकत्र हल्ला करायचा असे ठरले. पण २३ला नळणी गावाजवळ वेलस्लीला कळले की शत्रू समोरच आहे. त्याने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही.

मध्ये केळणा नदी होती. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीने पाहिले, नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे आहेत. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पिपळगाव आणि वरूर अशी येतात. त्याने तर्क केला की इतकी जवळ दोन गावे असतील तर माणसे एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे उतार असणारच. आणि तो होता. तिथून फौज पलीकडे गेली. कवी म्हणून मला हे फार लागले. दोन गावांत लेकी दिल्या-घेतल्या असतील, पाणी कमी असेल तेव्हा म्हशी पलीकडे जात असतील, कुणाच्या मयतीला, कुणाच्या बारशाला माणसे गुडघाभर पाण्यातून गेली असतील. त्या येण्याजाण्याने पडलेली वाट तोफांना सापडली.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमन नावाचा जर्मन अधिकारी होता. वेलस्लीच्या बाजूला गोरे होते, मद्रासी शिपाई होते, म्हैसूरचे घोडदळ होते आणि पेशव्यांकडचे मराठे स्वारही होते. आधल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईचा तह झालेला होता ना! तेव्हा 'आपले' आणि 'त्यांचे' अशी सरळ रेघ त्या रानात ओढता येत नाही. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही जो हत्ती आहे तो असईचा.

शिंद्यांच्या तोफांनी पहिल्या तासात इंग्रजांची दैना केली. त्यांचे मेलेले-जखमी मिळून सुमारे सोळाशे, हा त्यांनी मोजून लिहिलेला आकडा. आपल्याकडचे किती, याचे अंदाज आहेत, यादी नाही. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तिथेच संगिनींनी मारले गेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे.

आणि त्यांनी आणखी एक लिहिले आहे. इंग्रज फौज तोफांची रांग ओलांडून पुढे गेल्यावर, मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले, त्यांनी तोफांची तोंडे फिरवली आणि पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला स्वतः परत फिरून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो. अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली होती. पुस्तक मिटून मी बराच वेळ ओट्यावर बसलो. "मरे सरिके पड़े थे." आम्ही हसलो होतो. आमचा पूर्वज तिथे होता याला आजही पुरावा शून्य आहे. कागद नाही, सनद नाही, तलवारीचे पातेसुद्धा नाही. पण ही गोष्ट कुठल्याही पुस्तकातून आमच्या घरात आलेली नव्हती. अब्बा चौथी शिकलेले होते.

तर चौथ्या दिवशी आम्ही असईला गेलो. कपाशी फुटलेली, मका काढून झालेला. नदीत घोट्यापर्यंत पाणी. एका शेतकऱ्याने बांधावरून विचारले, "काय पाह्यला आलात चाचा?" मी म्हटले, लढाईची जागा. तो म्हणाला, "हेच सगळं रान." आणि हात गोल फिरवला. मग तो खाली आला, विहिरीचे पाणी पाजले. म्हणाला, त्याच्या आज्याला नांगरताना लोखंडी गोळा सापडला होता, दोन्ही हातांनी उचलावा असा. कितीतरी वर्षे तो दारात पडून होता. पोरे त्यावर बसून खेळायची.

नातवाचे डोळे मोठे झाले. "आता कुठे आहे?"

"भंगारवाल्याला दिला. सालं जुनी झाली आता त्याला."

भंगार म्हणजे जालना, श्रोतेहो. इथल्या भट्ट्यांत देशभराचे भंगार येते, वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. परतीच्या रस्त्यात मी याचाच विचार करत होतो. तो गोळा आज कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये असेल. आमच्या गच्चीवर २०१०च्या सुमारास जी खोली चढवली तिची सळईही जालन्याचीच आहे.

त्या रानात मी पोराला अब्बांची गोष्ट सांगितली, त्यांच्याच शब्दांत. तो हसला नाही. थोडा वेळ गप्प होता, मग कपाशीच्या सरीत जाऊन चक्क आडवा झाला, डोळे मिटून. मास्तर घाबरले, साप-किरडू असेल म्हणाले. मी त्याला उठवला नाही. तो मनातल्या मनात काहीतरी मोजत होता. मग एकदम उठला आणि विचारू लागला, "नाना, उनकू कैसा मालूम पड़ा होगा, कब उठना?"

मला नाही सांगता आले. उठले त्यांतले बहुतेक पुढच्या घटकेत मारले गेले असणार, हेही मी त्याला त्या दिवशी सांगितले नाही. आमचा तो उठला होता की पडूनच राहिला होता, आणि पडूनच राहिला म्हणून आम्ही आहोत का, हा प्रश्न अब्बांना मी विचारायला हवा होता.

समृद्धी महामार्ग आता जिल्ह्यातून जातो. २०२२च्या डिसेंबरात तो नागपूर ते शिर्डी असा खुला झाला, आणि माणसे जालना जिल्हा तासाभरात ओलांडून जातात. त्यांना दोष नाही. मी स्वतः अठ्ठावन्न वर्षे इथे राहून असईला पहिल्यांदा गेलो तो नातवाच्या निमित्ताने. तुम्हाला जायचे असेल तर पाऊस संपल्यावर जा, कार्तिकात. उन्हाळ्यात केळणेत वाळू असते आणि रानात सावली नसते. मुक्काम जालन्याला किंवा भोकरदनला करा. एका दिवसात राजूर, भोकरदन आणि असई आरामात होते. अन्व्याला मात्र निराळा अर्धा दिवस द्या, तिथे घाई करू नका. जाळीच्या देवाला जायचे असेल तर तेही त्याच अंगाला आहे, भोकरदन तालुक्यातच. महानुभावांचे मोठे ठिकाण. आमचे ते राहून गेले, कारण पाचव्या दिवशी पोराला ताप आला. अन्व्याला जाताना रसवंतीवर त्याने बर्फ घालून दोन ग्लास रस प्यायला होता, आणि त्याबद्दल त्याच्या नानीने मला जे ऐकवले ते आकाशवाणीवरून सांगण्यासारखे नाही.

तो पुण्याला गेल्यावर आठवड्याने फोन आला. शाळेत 'मी पाहिलेले स्थळ' असा निबंध होता. असईतला 'ई' दीर्घ की ऱ्हस्व, एवढेच त्याला विचारायचे होते. दीर्घ म्हटले. त्याने फोन ठेवला.

दलाल परवा पुन्हा येऊन गेला. मी त्याला म्हटले, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ये. जाफराबाद राहिले आहे अजून, केळणा जिथे पूर्णेला मिळते ते.